साउती झा बुसारा, झांझिबार – पास महाग, पायऱ्या टणक, तरी परत जाणार

साडेचार स्टार. अर्धा कुठं कापला ते येईलच खाली, त्यात ह्या म्युझिक फेस्टिवलचा दोष तसा कमी आणि माझा जास्त.

आधी कोण बोलतंय ते सांगतो. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीपासून दोन मिनिटांवर घर, लहानपणापासून भोपळे वाळत घातलेले आणि तंबोऱ्यांचे सांगाडे भिंतीला टेकवलेले बघत शाळेत गेलोय. वाजवता एक नाही येत. पण कुठं वाद्य दिसलं की आधी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बघतो, तारा कुठं बांधल्यात ते बघतो, मग वाजवणाऱ्याकडं लक्ष जातं. आता सहा वर्षं टांझानियात दार-ए-सलामला (इथं सगळे नुसतं दार म्हणतात) अकाउंट्समध्ये आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा वाद्यांकडं झुकणार, ज्यांना बीच आणि डॉल्फिन पाहिजेत त्यांनी दुसरं काहीतरी वाचा.

गावाकडच्या ग्रुपवर टाकलं की झांझिबारला म्युझिक फेस्टिवलला चाललोय, तर पहिला मेसेज काय, "अंगाला पानं बांधून ढोल वाजवतात तेच ना?" आता याला काय बोलायचं. असो. साउती झा बुसारा म्हणजे शहाणपणाचे आवाज, किंवा सूर म्हणा. २००४ ला सुरू झाला, दर फेब्रुवारीत असतो, स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहराच्या, किल्ल्यात. दुपारी चार-पाचला सुरू होतो तो मध्यरात्र उलटून जाते, एकामागून एक बँड. टांझानिया, केनिया, युगांडा तर असतातच, पण पार साउथ आफ्रिका, सेनेगल, मोरोक्को, रियुनियन, कोमोरोस कुठूनही लोक येतात. आणि नियम एकच, पण तो कडक: जे वाजेल ते स्टेजवर लाईव्ह वाजलं पाहिजे. पेन ड्राईव्ह लावून वरून ओठ हलवायचे हे इथं चालत नाही. दारमधले मोठमोठे स्टार एरवी प्लेबॅक लावून नुसतं नाचतात, ते बघून झालेल्या माणसाला ह्या एका नियमाची किंमत कळते. माझ्या मते पासचे निम्मे पैसे ह्या नियमाचेच आहेत.

पासबद्दल एकदाच सांगून मोकळा होतो. टांझानियन लोकांना अगदी स्वस्त, बाहेरच्यांना बऱ्यापैकी महाग. काही लोकांना याचा राग येतो, मला नाही आला, कारण उलटं असतं तर किल्ल्यात नुसते कॅमेरेवाले गोरे आणि आपण दिसलो असतो आणि ज्यांचं गाणं आहे ते भिंतीबाहेर उभे. नफ्यासाठी चालवलेलं प्रकरण नाहीये हे, संस्था आहे, आणि स्पॉन्सर नसले की काय होतं ते २०१६ ला दिसलं, पैसे जमले नाहीत म्हणून त्या वर्षी फेस्टिवल झालाच नाही. उलट २०२१ ला कोरोनात सगळ्या जगाचे फेस्टिवल बंद होते तेव्हा यांनी दोन दिवसांचा का होईना केला.

माझा अर्धा स्टार गेला तो असा. शहाणपणा करून मी थेट पास न काढता दारमधल्या एका एजंटाकडून "व्हीआयपी पॅकेज" घेतलं, फेरी, हॉटेल, पास सगळं एकत्र. पोचल्यावर कळलं की व्हीआयपी म्हणजे साधाच पास, वर गळ्यात अडकवायची सोनेरी दोरी, आणि हॉटेल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खोली, पंखा एक नंबरवरच फिरणारा. फेब्रुवारीत. बायको म्हणाली, "अहो, दोरी तरी नीट सांभाळा, सगळ्यात महाग तीच पडलीय." तर पास थेट घ्या, राहायचं आपलं आपण बघा, संपला विषय.

आता किल्ला. फोरोधानी बागेसमोर, समुद्राला तोंड करून. या जागेवर आधी पोर्तुगीजांचं चर्च होतं, मग ओमानच्या अरबांनी सतराव्या शतकाच्या शेवटी त्यांना हुसकावलं आणि किल्ला बांधला. रायगड-सिंहगड डोक्यात ठेवून जाऊ नका, हा सपाटीवरचा, चार भिंती आणि आत अंगण एवढाच. पण भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, उंच, आणि त्यांच्यात आवाज असा काही कोंडला जातो की मागच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरी बेस छातीत लागतो. आत एक मोठं स्टेज अंगणात आणि एक अर्धगोल पायऱ्यांचं अॅम्फिथिएटर. शेजारीच बैत-अल-अजाईब, सुलतानाचा प्रसिद्ध वाडा, त्याचा एक भाग २०२० च्या ख्रिसमसला कोसळला. जाता-येता ते बघून वाईट वाटतं.

पहिल्या रात्री तारब होतं आणि मी खरं तर त्याच्यासाठीच गेलो होतो. तारब म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर अरबी बैठकीचं गाणं, जे झांझिबारला येऊन स्वाहिली बोलायला लागलं. एकोणिसाव्या शतकात सुलतान बरघाशनं कैरोहून ते आणलं, इथला एक माणूस कानून नावाचं तंतुवाद्य शिकायला इजिप्तला पाठवला असं सांगतात. इखवानी साफा हा इथला सगळ्यात जुना क्लब, १९०५ चा, आजही चालू आहे. क्लब म्हणजे आपली भजनी मंडळं असतात ना तसं, दिवसा कोण मास्तर, कोण बंदरावर कारकून, संध्याकाळी येऊन वाजवायचं.

स्टेजवर वीसेक माणसं, बसलेली. चार व्हायोलिन, अकॉर्डियन, ऊद (आखूड मानेचं अरबी तंतुवाद्य), डबल बेस, दुंबक (हातानं वाजवायचा छोटा ढोल), बोंगो आणि मध्ये कानून. मी सरळ पुढं जाऊन बसलो, स्टेजच्या कडेला, कानूनवाल्याच्या अगदी समोर. आपलं स्वरमंडल बघितलंय ना, मांडीवर घेऊन गवई छेडतात ते? त्याचा हा मोठा भाऊ. सत्तरच्या वर तारा, तीन-तीनच्या जुड्या, एका सुराला तीन तारा. घोडी लाकडावर नाही, चामड्याच्या पट्टीवर बसवलेली, पाच चौकोन ओळीत, त्यावर घोडीचे पाय. म्हणजे तारेचा आवाज चामड्यातून येतो, म्हणून त्याला तो थोडा ओलसर, ठसठशीत टोन. पण फेब्रुवारीतली समुद्राची हवा, चामडं दमट झालं की ढिलं पडणार, घोडी खाली बसणार, सूर उतरणार. मी मनात म्हटलं, आता याचं काय होतंय बघू. तो म्हातारा, डोक्यावर कोफिया टोपी, दोन्ही तर्जन्यांना अंगठ्यांत खोचलेल्या नख्या, गाणं चालू असताना डाव्या हातानं तारांच्या टोकाशी असलेल्या पितळी कळा वर-खाली करत होता, उजव्यानं वाजवत होता, आणि दोन कडव्यांच्या मध्ये किल्ली काढून तीन तारा पिळून मोकळा पण झाला. चेहऱ्यावर काही नाही. मिरजेच्या कारागिरांनी हे बघितलं असतं तर उठून पाया पडले असते.

सुरुवात नुसत्या वाद्यांच्या तुकड्यानं होते, त्याला बश्राफ म्हणतात. मग गाणारी उठते. उठते म्हणजे उगाच नाचत-बिचत नाही, हात पोटावर बांधून उभी, आणि शांतपणे कविता म्हणावी तसं गाते, मागून कोरस. गाणी लांब, दहा-बारा मिनिटं सहज. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या शेजारच्या दोन युरोपियन पोरी उठून बिअर आणायला गेल्या. तारबला बसायचं तर नाट्यसंगीत ऐकायची सवय असलेला माणूस बसेल, घाई असलेला नाही.

आणि मग बायका उठल्या. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. प्रेक्षकांतल्या बायका, सणाला घालतात तसे कपडे, हाताला मेंदी, एकेक करून डुलत डुलत स्टेजकडं, दोन बोटांत शिलिंगची नोट डोक्यावर धरलेली, पोचल्यावर गाणारीच्या हातात द्यायची आणि तशाच डुलत मागं. दौलतजादा! तमाशात बघितलेली तीच चीज, फरक एवढाच की तिथं फेटेवाले पुरुष असतात आणि इथं बाई बाईला देते, आणि ती नुसती गाणं आवडलं म्हणून देत नाही. ओळ बघून देते. गाण्यात एखादी ओळ आली, समजा "दुसऱ्याच्या चुलीवर डोळा ठेवणारीचं पीठ करपतं" अशा छापाची, की नेमक्या त्या ओळीला उठायचं आणि जिला लागायचं तिच्याकडं बघत बघत स्टेजपर्यंत जायचं. लेकी बोले सुने लागे, फक्त वीस जणांच्या ऑर्केस्ट्रासकट. याला मिपाशो म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात मेनलँडला (बेटाबाहेरच्या, मुख्य भूमीवरच्या टांझानियात) तर ह्याच्यावरच धंदा चालला, दोन पार्ट्यांच्या गायिका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारायच्या आणि पब्लिक दोन्हीकडं वाटलं जायचं.

माझ्या डाव्या हाताला एक मामा बसल्या होत्या. (इथं मामा म्हणजे आई, आणि काका म्हणजे भाऊ. पहिल्या वर्षी ऑफिसात मी जाम गोंधळायचो. खऱ्या मामाला मजोंबा म्हणतात.) तर ह्या मामांनी माझ्याकडं दोन-तीनदा बघितलं, मी आपला लग्नातल्या वरपक्षासारखा ताठ बसलेलो, शेवटी त्यांनी पर्समधून हजार शिलिंगची नोट काढली, माझ्या हातात कोंबली आणि मानेनं खूण केली, जा. हजार म्हणजे आपले तीस-पस्तीस रुपये. मी म्हटलं माझ्याकडं आहेत, तर त्यांनी ते ऐकलंच नाही. गेलो मग. डुलणं काही जमलं नाही, रेशनच्या रांगेत पुढं सरकतात तसा सरकत गेलो, नोट दिली, गाणारी हसली, मागून बायकांनी जी काय लुलुलु केली की बायकोनं व्हिडिओ काढायचाच सोडून दिला.

आता मुंबईची गोष्ट. ह्या सगळ्या बायका आज स्टेजवर आहेत त्या एका बाईमुळं, सिती बिंती साद. १८८० च्या आसपास फुंबा नावाच्या गावात जन्म, घरात मडकी करायचे, ही डोक्यावर मडकी घेऊन विकत फिरायची आणि ओरडून ओरडून आवाज तयार झाला. तारब तोपर्यंत पुरुषांचं आणि अरबी भाषेतलं, दरबारातलं. हिनं ते स्वाहिलीत आणलं, गल्लीत आणलं, आणि गाण्यात काय काय घातलं, गावात एका बाईचा खून झाला, मारणारा मेनलँडला पळाला आणि शिक्षा झाली ती दुसऱ्याच बायकांना, असली खरी कोर्टातली प्रकरणं पण. आणि १९२८ साली ही बाई तिचा ताफा घेऊन बोटीनं मुंबईला आली आणि एचएमव्हीसाठी तिनं गाणी रेकॉर्ड केली. पूर्व आफ्रिकेतल्या बाईच्या आवाजाची पहिली तबकडी मुंबईत रेकॉर्ड झाली! आपली नाटकातली पदं त्याच काळात तव्यांवर निघत होती. मिरजेत जन्मून हे मला चाळिशीत, झांझिबारच्या किल्ल्यात कळावं म्हणजे कमालच आहे. आणि पुढं ते उलटंही वाहिलं, मोम्बासाचे जुमा भालो वगैरे मंडळींनी हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवून आख्खं तारब उभं केलं.

बी किदुदे राहिल्या असत्या तर त्यांना ऐकायचं होतं. सितीची गाणी ऐकत शिकलेली बाई, ह्या फेस्टिवलची जणू कुलदेवताच, म्हातारपणी पण सिगरेट ओढत स्टेजवर येऊन मोठा ढोल कमरेला लावून वाजवायच्या. एप्रिल २०१३ ला गेल्या. मी दारला आलो तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशीचं दुपारचं किदुंबक पण चुकवू नका, लोक दुपारी बीचवर असतात आणि चुकवतात. किदुंबक म्हणजे तारबचं गरीब पण खोडकर भावंड. एक व्हायोलिन, दोन छोटे मातीचे दुंबक आणि संदुकू. संदुकू म्हणजे संदूकच, शब्द पण तोच! चहाचं खोकं उलटं ठेवलेलं, त्याला एक काठी, एक तार, बस. पाय खोक्यावर, काठी मागं-पुढं झुकवून सूर बदलायचा. म्हणजे आपलं तुणतुणंच, फक्त बेस गिटारचं काम करणारं. गोंधळी मंडळींना दाखवायला मी पूर्ण पाच मिनिटं क्लोजअप काढलाय.

शनिवारी रात्री सिंगेली. हे दारच्या मंझेसे, तांदाले असल्या दाट वस्त्यांतून आलेलं, पोरांचं म्युझिक, स्पीड मिनिटाला दोनशे ते तीनशे ठोके. आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून असं समजा की गणपतीतली बेंजो पार्टी पूर्ण रंगात आलीय आणि कोणीतरी टेप दुप्पट स्पीडनं सोडला. पहिली दहा मिनिटं मी कानात बोटं घालून उभा होतो खरं सांगतो. स्टेजवर एक पोरगा माईक घेऊन, श्वास कुठं घेतो देव जाणे, शब्द नुसते गोफणीतून सुटल्यासारखे, बाजूला की-बोर्डवाला, दोन ड्रमवाले घामानं निथळलेले. आणि मग मध्येच की-बोर्डवर एक तुकडा वाजला, गोल गोल फिरणारा, आणि मला वाटलं हे मी ऐकलंय. कुठं ऐकलं, तर पहिल्या रात्री, अकॉर्डियनवर! तारबच्या सुरुवातीचाच तसला तुकडा, चौपट वेगात. नंतर दारच्या ऑफिसातल्या पोरांना विचारलं तर ते म्हणाले त्यात नवल काय, सिंगेली निघालीच तशी, जुन्या तारबमधले वाद्यांचे तुकडे कापून, फास्ट करून, लूप लावून. म्हणजे आजीच्या लुगड्याची पोरानं शिवलेली टी-शर्ट. त्यानंतर मी बोटं काढली. बायको तोपर्यंत पुढं पोचली होती आणि परत आलीच नाही.

तिसरा दिवस बरा होता, एक-दोन बँड मला इंटरनॅशनल पब्लिकला बरं वाटावं म्हणून सगळं घोटून गुळगुळीत केल्यासारखे वाटले, थोडं जाझ, थोडं रेगे, थोडं "आफ्रिका वन लव्ह". नावं घेत नाही. अशा वेळी सरळ बाहेर फोरोधानीला जाऊन उरोजो खा. उरोजो म्हणजे पिवळी आंबट पातळ कढी, त्यात भजी, बटाटा, वरून कसाव्याचा कुरकुरीत चिवडा, नारळाची चटणी, पाहिजे तर मांसाचे तुकडे. मिसळ आणि कढीनं पळून जाऊन लग्न केल्यासारखं लागतं. झांझिबार पिझ्झा नावाचा प्रकार आहे तो एकदाच खावा. उसाचा रस आलं-लिंबू घालून, तो मात्र रोज.

दिवसा वेळ असतोच, तर केन्याटा रोडवर कॅपिटल आर्ट स्टुडिओ नावाचं जुनं फोटोचं दुकान आहे तिथं जा. १९३० चं, रणछोड ओझा नावाच्या माणसानं काढलेलं. सुलतानाच्या काळापासूनचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो भिंतभर, प्रिंट विकत मिळते. मी बंदरातल्या गलबतांचा घेतला, कस्काझी म्हणजे ईशान्येच्या वाऱ्यावर आपल्या बाजूनं आलेली शिडाची गलबतं रांगेत लागलेली. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात इथं स्टुडिओ थाटून बसलेले फोटोग्राफर होते ते गोव्याचे, गोम्स. झांझिबारचे जुने पोस्टकार्ड फोटो बघितलेत ना कुठं, त्यातले बरेच त्यांचेच. आणि फ्रेडी मर्क्युरी इथला, तो पाचगणीला शाळेत होता, हे तर आता सगळ्यांनाच माहितीय, तरी प्रत्येक गाईड आपल्याला इंडियन बघून ते नव्यानं सांगतो, ऐकून घ्यायचं.

आता कामाचं. दारहून फेरीला दोन तास, पोटाचा त्रास असेल तर गोळी घ्या. अॅम्फिथिएटरच्या पायऱ्या दगडी, उशी नाहीतर जाड टॉवेल न्याच, माझी कंबर सोमवारपर्यंत बोलत होती. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे, गाव मुसलमानांचं आहे, किल्ल्यात कोणी काही बोलत नाही पण गल्लीतून जायचं असतं. पुढच्या रांगेत फोटोवाल्यांच्यात घुसू नका, डाव्या बाजूला बायका बसतात त्यांच्या जवळपास जागा बघा, खरा कार्यक्रम तिथं असतो. थोडी स्वाहिली आली तर फारच मजा, आणि आपल्याला निम्मी येतेच, गाडीला गारी, विम्याला बीमा, रंगाला रंगी, आंब्याला एंबे, लाखाला लाकी. सुट्ट्या नोटा ठेवा, हजारच्या, दोन हजारच्या.

त्या मामा रविवारी परत दिसल्या, त्याच जागेवर. मी हजाराची नोट काढून द्यायला गेलो तर त्यांनी हात मागं घेतला आणि म्हणाल्या, म्वाकानी. पुढच्या वर्षी. पास यावेळी थेट काढणार आहे.